महाॲग्री-एआय धोरण (२०२५–२०२९) आणि जालना जिल्हा

महाॲग्री-एआय धोरण : शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा (एआय) वापर वाढवण्यासाठी आणि त्यासंबंधीच्या संशोधनास व नवउद्योगांस अर्थसाहाय्य देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने आखलेले धोरण. राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी त्यास मान्यता दिली. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे.

पार्श्वभूमी : नीती आयोगाने जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एआयविषयक राष्ट्रीय व्यूहरचनेत शेती हे प्राधान्याचे क्षेत्र होते. ७ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडियाएआय’ मिशनला मंजुरी दिली. युरोपीय संघात या क्षेत्रातील संशोधनाला ‘होरायझन युरोप’ (२०२१–२७) या कार्यक्रमातून निधी मिळतो. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये ‘एआय कॉन्टिनेंट’ कृती आराखडा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १ अब्ज युरोंचे ‘अप्लाय एआय’ धोरण जाहीर केले. उद्योगांत एआयचा वापर वाढवणे हा त्याचा हेतू असून कृषी-अन्न हे त्यातील एक क्षेत्र आहे. युरोपच्या धोरणात अनेक उद्योग एकत्र येतात. महाराष्ट्राचे हे धोरण केवळ शेतीपुरते आहे.

रचना व तरतुदी : अंमलबजावणीसाठी राज्यस्तरीय सुकाणू समिती, तांत्रिक समिती आणि एआय व ॲग्रीटेक नावीन्यता केंद्र अशी त्रिस्तरीय व्यवस्था आहे. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांत संशोधन व नवोपक्रम केंद्रे उभारण्याची तरतूद आहे. शेतकरी व जमिनींच्या डिजिटल नोंदींची ‘ॲग्रीस्टॅक’ प्रणाली, हवामानाची ‘महावेध’ यंत्रणा, कीड-रोग सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प आणि शासकीय योजनांचे ‘महाडीबीटी’ संकेतस्थळ येथील माहिती एकमेकींशी जोडणे, उपग्रह व ड्रोनच्या साहाय्याने पिकांची पाहणी करणे, मराठीतून सल्ला देणे आणि क्यूआर कोडद्वारे शेतमालाचा माग काढणे ही प्रमुख कामे आहेत.

जालना जिल्ह्याशी संबंध : १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन, तूर व मोसंबी ही येथील प्रमुख पिके. मराठवाड्याचे सर्व जिल्हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (स्था. १९७२) कार्यक्षेत्रात येतात; त्यामुळे तेथील केंद्राचे संशोधन जालन्यास सर्वांत जवळचे. यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित यंत्रांद्वारे डिजिटल शेती या विषयावर जागतिक बँक-साहाय्यित राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून या विद्यापीठात धोरणापूर्वीच काम झाले होते. विद्यापीठाचे बदनापूर येथील संशोधन केंद्र तुरीच्या ‘बीडीएन’ वाणांसाठी ओळखले जाते.

प्रयोगशाळेतले तंत्र बांधापर्यंत नेण्याचे काम खरपुडी व बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे येते. परदेशी साहाय्याचा जिल्ह्यास जुना परिचय आहे : कडवंची येथील पाणलोटाचे काम १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून झाले आणि पुढे हे गाव द्राक्षबागांसाठी नावारूपास आले. बियाणे उद्योगातील खाजगी संशोधनही येथे रुजले आहे; बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही कंपनी स्थापन केली व १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संभाव्य उपयोग व मर्यादा : गुलाबी बोंडअळीचा पूर्वइशारा, मोसंबीतील फळगळीची कारणमीमांसा, कोरडवाहू पिकांच्या पेरणीची वेळ आणि भौगोलिक मानांकन असलेल्या जालना मोसंबीचा माग हे येथील ठळक उपयोग ठरू शकतात. मात्र सल्ल्याची अचूकता स्थानिक नोंदींवर अवलंबून असते. एकाच महसूल मंडळातील दोन गावांत पाऊस वेगवेगळा पडतो, भारी व हलक्या जमिनीत ओल सारखी टिकत नाही आणि ई-पीक पाहणीत चुकीचे पीक नोंदले गेले तर सल्लाही चुकतो. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला आहे. तो सातबाऱ्याच्या नोंदींशी जोडलेला असल्याने वाट्याने किंवा ठोक्याने जमीन कसणारा, ज्याचे नाव उताऱ्यावर नाही असा शेतकरी या व्यवस्थेबाहेर राहण्याचा धोका आहे. शेतकऱ्यांची वैयक्तिक माहिती वापरताना डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील संमतीचे तत्त्वही महत्त्वाचे ठरते.

मूल्यमापन : या धोरणाचे यश किती संस्थांना निधी मिळाला यावरून मोजता येणार नाही; फवारणीचा खर्च घटला का आणि कोरडवाहू शेतकऱ्याला सल्ला वेळेवर मिळाला का, हेच त्याचे खरे निकष आहेत.