सेलेमचा अदृश्य पुरावा

‘मेड ऑफ सेलेम’ (१९३७) या चित्रपटातील नायिका फाशीच्या तोंडातून सुटते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६९२ साली प्रत्यक्षात १९ जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी झाली. (जाळले मात्र कोणालाच नाही.) “हिची छाया येऊन मला चिमटे काढते,” असे मुलींनी म्हटले, की न्यायालय तो पुरावा धरी. आरोपी त्या वेळी घरी होती, हे दाखवून काय उपयोग? छाया तर कुठेही जाणार! असे विधान खोटे ठरवायचे तरी कसे? जानेवारी १६९३ मध्ये नव्या न्यायालयाने हा पुरावा नाकारला, तेव्हा दोषी ठरल्या फक्त तिघी. त्यांचीही फाशी टळली. त्यांतल्या एलिझाबेथ जॉन्सनला कायद्याने निर्दोष ठरवले गेले ते २०२२ साली, आठवीच्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केल्यावर.