नाशिक जिल्ह्यातील डिंक : आहार, वन आणि हक्क यांचा इतिहास

प्रस्तावना
बाळंतिणीला डिंकाचे लाडू देण्याची प्रथा नाशिक परिसरात, किंबहुना सर्व महाराष्ट्रात रूढ आहे. डिंकाच्या गुणांची चर्चा पुष्कळ होते. तो गोळा करणाऱ्यांच्या हक्काची मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार केला आहे.

स्वरूप व आहारातील स्थान
झाडाच्या सालीला जखम झाली असता तेथून पाझरणाऱ्या चिकट द्रव्यास संस्कृतात ‘निर्यास’ म्हणतात. पाण्यात विरघळतो किंवा फुगतो तो डिंक. पाण्यात विरघळत नाही ती राळ. आहारात मुख्यतः बाभूळ, खैर व धावडा यांचा डिंक येतो. तुपात तळताना आतील ओलाव्याची वाफ होऊन खडा फुलतो. रासायनिकदृष्ट्या डिंक ही बहुशर्करा आहे. ती लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू तिचे किण्वन करतात. म्हणजेच डिंक हा प्रामुख्याने तंतुमय पदार्थ होय. लाडवाच्या पौष्टिकतेचे श्रेय त्यातील तूप, खारीक, खोबरे व अळीव यांनाही द्यावे लागते.

वनकायदा आणि डिंक
धावड्याच्या डिंकास जागतिक व्यापारात ‘घट्टी’ म्हणतात. डोंगरातून घाटवाटांनी खाली येणारा म्हणून हे नाव पडले, असे मानले जाते. नावात मार्ग राहिला. गोळा करणाऱ्यांचा उल्लेख राहिला नाही. १८७८ मध्ये पेठ संस्थान ब्रिटिश अमलाखाली गेले आणि त्याच वर्षी भारतीय वन अधिनियम संमत झाला. त्यानुसार राखीव वनातील उपज परवानगीशिवाय नेणे हा गुन्हा ठरला. १९२७ च्या अधिनियमानेही हेच धोरण पुढे चालविले. कोकणा, महादेव कोळी व वारली यांच्या परंपरागत वापराला त्यामुळे सरकारी परवानगीचे बंधन आले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिक येथे आहे. व्यापाऱ्यांकडून होणारी पिळवणूक थांबविण्यासाठी १९७६ च्या राज्य अधिनियमाने एकाधिकार खरेदीची तरतूद केली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपविण्याची तरतूद केली, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने ती गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

निष्कर्ष
जो हक्क १८७८ मध्ये हिरावला गेला, तो कायद्याने परत मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. तथापि केवळ मालकी पुरेशी नाही. अधिक डिंकासाठी खोल घाव घातल्यास झाड मरते व त्याबरोबर हक्कही निरर्थक होतो. म्हणून डिंकाची प्रतवारी व विक्री यांबरोबरच घावांची मर्यादाही ग्रामसभेनेच ठरविणे आवश्यक आहे.