जखम लहान करण्याचा इतिहास : छाती व पोटाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेची वाटचाल

अरबी भाषेत 'जुर्ह' म्हणजे जखम. याच धातूपासून 'जर्राह' हा शब्द सिद्ध झाला आणि फारसीच्या वाटेने उर्दूत रुळला. शस्त्रवैद्याच्या नावातच जखम आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोगापर्यंत पोहोचायचे तर आधी निरोगी कातडी व स्नायू कापावे लागतात, ही या विद्येची मूळ अडचण होय. गेल्या दोनशे वर्षांत ही जखम वीतभरावरून बोटाच्या पेरापेक्षाही लहान झाली. हा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात दोन प्रश्न गुंतलेले होते : शरीराच्या आत उजेड कसा न्यायचा, आणि आत न शिरणाऱ्या हाताला कसे शिकवायचे. पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्याची किंमत मात्र रुग्णांनी वेळोवेळी मोजली.

या विषयावर आपल्याकडे बोलताना अंदलुसच्या अबुल कासिम अझ-जहरावी (सुमारे 936 ते 1013) यांच्यापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, पण तिला मर्यादा आहे. 'किताब अत-तसरीफ' या त्यांच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला वाहिलेला असून त्यात सुमारे दोनशे उपकरणांची चित्रे आहेत. स्क्रू फिरवून उघडणारे स्त्रीरोग-तपासणीचे साधन त्यात आहे. प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याने आत टाके घालण्याची रीत आहे. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे आजच्या तोलेदो येथे जेरार्ड ऑफ क्रेमोना याने या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपने तो काही शतके अभ्यासला. तथापि बंद पोटात दुर्बीण घालण्याची कल्पना त्यात नाही. ती आहे असे सांगणारे लेख उत्साहापोटी लिहिलेले असतात. अझ-जहरावींचे श्रेय दुसऱ्या ठिकाणी शोधले पाहिजे. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी शरीररचना न शिकता शस्त्र हाती घेणाऱ्या वैद्यांच्या चुका मांडल्या आहेत. मानेवरील गाठ कापताना रक्तवाहिनी तुटून एक स्त्री वैद्याच्या हातीच दगावल्याची हकिकत त्यांतलीच एक. चित्रे काढण्यामागेही शिकणाऱ्याला साधन नेमके कळावे हाच हेतू होता.

हाताच्या सरावाचा विचार त्याहूनही जुना आहे. सुश्रुतसंहितेत वीस प्रकारची नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या सांगितल्या आहेत. आणि त्याच ग्रंथात शिष्याने आधी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर कापण्याचा सराव करावा, मगच माणसाला हात लावावा असाही दंडक आहे. अब्बासी काळात या ग्रंथाचे अरबी भाषांतर झाले होते.

उजेडाची गोष्ट 1806 मध्ये सुरू होते. फ्रँकफर्टचे वैद्य फिलिप बोझिनी यांनी मेणबत्ती, आरसा आणि नळी यांचे एक साधन तयार करून त्याद्वारे शरीराच्या पोकळीत उजेड पाडला. व्हिएन्नाच्या वैद्यकीय पंडितांनी ते जादूच्या कंदिलासारखे खेळणे ठरवले. 1809 मध्ये रुग्णांची सेवा करताना टायफस होऊन बोझिनी पस्तिसाव्या वर्षी वारले. पुढे 1853 मध्ये पॅरिसच्या देझोर्मो यांनी मेणबत्तीऐवजी अल्कोहोल व टर्पेंटाइनचा दिवा वापरला. 1879 मध्ये मॅक्स नित्झे यांनी मूत्राशय पाहण्यासाठी तापलेली प्लॅटिनमची तार नळीच्या आतल्या टोकाशी नेली. तार पाण्याने थंड ठेवावी लागे, नाहीतर रुग्ण भाजे. एडिसनच्या दिव्याने ही चिंता बरीच कमी केली.

23 सप्टेंबर 1901 रोजी हँबुर्ग येथे ड्रेस्डेनचे शल्यविशारद गेओर्ग केलिंग यांनी एका कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरली, मूत्राशयाची दुर्बीण आत घातली आणि आतडी पाहिली. हवेच्या दाबाने पोटातील रक्तस्राव थांबवता येईल काय, या विचारातून ते या प्रयोगाकडे वळले होते. 1910 मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी हीच तपासणी माणसाच्या पोटाची व छातीची केली. छातीकडे त्यांचे लक्ष वळण्याचे कारण क्षयरोग हे होते. त्या काळी क्षयग्रस्त फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरून ते मिटवीत. परंतु फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असले की ते मिटत नसे. याकोबेउस दुर्बिणीतून पाहून हे चिकटलेले पट्टे जाळून तोडीत. छाती न उघडता छातीत केलेली ही पहिली नियमित शस्त्रक्रिया होय. 1938 मध्ये हंगेरीचे यानोश वेरेश यांनी स्प्रिंगची सुई प्रसिद्ध केली, तीही क्षयाच्या रुग्णांसाठीच. आज ती पोटात वायू भरण्यासाठी वापरली जाते. स्ट्रेप्टोमायसिन आणि नंतरची औषधे आली तशी छातीची दुर्बीण जवळजवळ विस्मरणात गेली, ती 1990 नंतर व्हिडिओ कॅमेऱ्यासह परतली.

उजेडाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो एका भौतिकशास्त्रज्ञाने. लेस्टरच्या गरीब घरातून आलेले हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांच्यासह काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. 1959 मध्ये त्यांनी दुर्बिणीची रचनाच उलटी केली. जुन्या नळीत मध्ये हवा आणि ठरावीक अंतरावर बारीक भिंगे असत. त्यांनी नळी काचेच्या कांड्यांनी भरून मधल्या हवेच्या फटींनाच भिंगाचे काम दिले. त्यामुळे उजेड कैक पटींनी अधिक मिळू लागला. ब्रिटिश कंपन्यांनी त्यात रस घेतला नाही. ही दुर्बीण बाजारात आणली ती कार्ल श्टोर्झ या जर्मन उत्पादकाने. 'दुर्बीण' हा शब्दही येथे जरा गमतीचाच ठरतो. फारसीत तो दूरचे पाहणाऱ्या साधनाचा आहे, आणि हे साधन तर वीतभर अंतरावरचे दाखवते.

दिसू लागले तेव्हा हाताचा प्रश्न पुढे आला. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी पोटातील वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र केले. या कामी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. सप्टेंबर 1980 मध्ये झेम यांनी दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले. त्यावर जर्मन शल्यविशारदांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांची वैद्यकी स्थगित करण्याची मागणी केली. त्यांचा निबंधही सुरुवातीस नाकारला गेला. झेम यांचे कमी सांगितले जाणारे काम म्हणजे सरावाची पेटी : बाहेरून छिद्रे असलेली, आत न पाहता पडद्याकडे बघून हात चालवायला शिकवणारी. सुश्रुताच्या भोपळ्याचाच तो आधुनिक अवतार. अशा पेटीची गरज का पडते? पोटाच्या भिंतीतील छिद्र तरफेच्या टेकूसारखे वागते. हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. शिवाय बोटांना होणारा स्पर्शही हरवतो.

झेम यांच्यापासून स्फूर्ती घेऊन एरिख म्यूहे यांनी 12 सप्टेंबर 1985 रोजी ब्योब्लिंगेन येथे दुर्बिणीद्वारे पहिले पित्ताशय काढले. 1986 च्या राष्ट्रीय अधिवेशनात या कामाला 'मिकी माउस शस्त्रक्रिया' म्हणून हिणवण्यात आले. एका रुग्णाच्या मृत्यूवरून त्यांच्यावर मनुष्यवधाचा खटला चालला. त्यातून ते 1990 मध्ये निर्दोष सुटले. तोवर ल्योंच्या फिलिप मूरे यांच्या 1987 च्या शस्त्रक्रियेमुळे हे तंत्र फ्रान्समधून अमेरिकेत पोहोचले होते. ज्या संघटनेने म्यूहे यांना हसण्यावारी नेले तिनेच 1992 मध्ये त्यांचा सन्मान केला.

यानंतरचा वेग घातक ठरला. आठवड्याच्या शेवटी एखादी कार्यशाळा करून शल्यविशारद सोमवारी पित्ताशय काढू लागले. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचे प्रकार त्या वर्षांत खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढले. काहीही कापण्यापूर्वी नळी व धमनी स्वच्छ सुट्या दिसल्याच पाहिजेत, हा नियम 1995 मध्ये स्ट्रासबर्ग यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. छाननी आधी व्हायला हवी होती, ती नंतर झाली. उपहास आणि अंधानुकरण या दोन्हींनी रुग्णाचे सारखेच नुकसान केले, असे म्हणावे लागते.

भारतात 1972 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पोटाची तपासणी सुरू केली. सोनोग्राफी व सी.टी. स्कॅन नसलेल्या त्या काळात पोटाचा क्षय ओळखण्यासाठी गरीब रुग्णाचे पोट उघडावे लागे. दुर्बिणीने ते टळले. 1990 मध्ये देशातील पहिले दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याचे कामही त्यांचेच. परंतु सामान्य भारतीय स्त्रीला दुर्बीण ठाऊक झाली ती वेगळ्या वाटेने. महाराष्ट्राच्या खेड्यांत 'बिनटाक्याचे ऑपरेशन' म्हणजे नसबंदी, आणि ती बहुधा शिबिरात. साधन तेच, पण एका रुग्णाला किती मिनिटे द्यायची याचा हिशेब मात्र निराळा. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका दिवसात 83 स्त्रियांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाल्या. या व लगतच्या शिबिरांतील मिळून किमान 13 स्त्रिया मरण पावल्या. सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला.

रोबोटचा उगम युद्धभूमीचा आहे. जखमी सैनिकावर दूर बसलेल्या शल्यविशारदाला शस्त्रक्रिया करता यावी, या हेतूने अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संशोधनाला पैसा पुरवला. त्यातून पुढे 'दा विंची' यंत्र आले आणि 2000 मध्ये त्याला अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. यंत्र स्वतः काही ठरवीत नाही. शल्यविशारदाच्या हाताची हालचाल ते उलटी न होऊ देता, थरथर गाळून, मनगटासारख्या वळणाऱ्या अवजारांत उतरवते. 7 सप्टेंबर 2001 रोजी जाक मारेस्को यांच्या चमूने न्यूयॉर्कमध्ये बसून 'झ्यूस' या दुसऱ्या यंत्राने स्ट्रासबूर्गमधील एका 68 वर्षांच्या स्त्रीचे पित्ताशय काढले. दा विंचीच्या उत्पादकाने 2003 मध्ये झ्यूस बनवणारी कंपनी सामावून घेतली आणि त्यानंतर दीर्घकाळ या क्षेत्रात जवळपास एकट्याचे राज्य राहिले. किंमत चढी राहण्याचे हेही एक कारण. भारतीय बनावटीचे 'एसएसआय मंत्रा' 2022 मध्ये वापरात आले.

लाभ किती, याचे उत्तर जाहिरातीत शोधू नये. गुदाशयाच्या कर्करोगाच्या 471 रुग्णांवरील 2017 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटने 8.1 टक्के, तर साध्या दुर्बिणीने 12.2 टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. 2018 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील चाचणीचा निष्कर्ष तर अनपेक्षित होता. दुर्बीण किंवा रोबोटने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साडेचार वर्षांनी 86 टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, पोट उघडून झालेल्यांपैकी 96.5 टक्के. त्यानंतर अनेक देशांतील कर्करोग केंद्रांनी या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा पोट उघडण्याची जुनी पद्धत स्वीकारली.