केलॉग कंपनी : भारतातील वाटचाल

न्याहारीची तयार तृणधान्ये विकणाऱ्या अमेरिकी केलॉग कंपनीने १९९४ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला. सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या गुंतवणुकीतून रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत तिने कारखाना उभारला. परदेशी कंपनीने मोठ्या तयारीनिशी यावे आणि येथल्या ग्राहकाने तिला थंडपणे परत पाठवावे, याचे उदाहरण म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गांत ही कथा अजून शिकवली जाते. मात्र ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. कंपनी येथे टिकली, हा भाग गाळला जातो.

मूळ कंपनी विल कीथ केलॉग यांनी १९०६ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे स्थापन केली. त्यांचे थोरले बंधू डॉ. जॉन हार्वी केलॉग त्याच गावात आरोग्यधाम चालवत. तेथील रुग्णांसाठी शाकाहारी, पचायला हलके अन्न शोधताना १८९४ च्या सुमारास धान्याचे कुरकुरीत पापुद्रे तयार झाले. कॅनडात १९१४ साली, ऑस्ट्रेलियात १९२४ साली कंपनी पोहोचली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचा कारखाना १९३८ साली सुरू झाला. वाडग्यात पापुद्रे, वर थंड दूध, ही रीत या देशांत रुजली. भारतातही ती तशीच रुजेल, असे कंपनीने गृहीत धरले.

१९९१ नंतरच्या आर्थिक खुलेपणात वाढत्या मध्यमवर्गाचा आकडा परदेशी कंपन्यांना भुरळ घालत होता. केलॉगने मका, गहू आणि बासमती तांदूळ यांचे फ्लेक्स बाजारात आणले. नवलाईपोटी पहिली खोकी खपली, पण दुसरे खोके घ्यायला फारसे कोणी फिरकले नाही. मोहन मीकिनचे देशी कॉर्नफ्लेक्स आधीपासून मिळत होते आणि केलॉगचे त्यांच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने महाग होते. महाराष्ट्रात तर मक्याचे पोहे घरोघर ठाऊक होते, पण दिवाळीच्या चिवड्यात तळून घालण्यासाठी.

खरी अडचण वाडग्यातच होती. येथे दूध तापवून घेण्याची सवय जुनी. सकाळी ते गरम प्यायचे, हेही ठरलेले. केलॉगचे पापुद्रे थंड दुधात कुरकुरीत राहावेत असे घडवलेले. गरम दूध ओतताच ते पाणी शोषून मऊ पडत आणि पाच मिनिटांत वाडग्यात लगदा उरे. थंड दूध घ्यावे, तर वरून घातलेली साखर विरघळत नसे. ती तळाशी बसे आणि पापुद्रे फिके लागत. पोहे, उपमा, इडली, पराठा असे तिखटमिठाचे गरम पदार्थ सोडून या वाडग्याकडे वळायला कारणच नव्हते. त्यात सुरुवातीच्या जाहिरातींचा सूर, घरचा नाश्ता पौष्टिक नाही, असा होता. पहाटे उठून फोडणी टाकणाऱ्या बाईला तिचे चुकते आहे असे सुनावून तिलाच खोके विकायचे, हे धोरण किमतीपेक्षाही महागात पडले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर कंपनीने मोर्चा मुलांकडे वळवला. १९९६ मध्ये चोकोज आणि १९९७ मध्ये फ्रॉस्टीज आले. फ्रॉस्टीजवर साखरेचा थर असल्याने साखरेचा प्रश्न कारखान्यातच मिटला होता. चोकोज भिजले, तरी दूध चॉकलेटी होई आणि मुलांची तक्रार नसे. १९९८ मध्ये आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब या स्वादांची ‘मझा’ (Mazza) मालिका काढण्यात आली. देशी चवीचा हा प्रयोग फार टिकला नाही. मिठाईची चव नाश्त्याला लावून नाश्ता देशी होत नाही, हे त्यातून दिसले. लहान, स्वस्त पाकिटांचा उपयोग मात्र झाला: मोठ्या खोक्याचा खर्च न करता चव पाहता येऊ लागली. जाहिरातींनीही घरच्या नाश्त्याला नावे ठेवणे सोडून लोह, जीवनसत्त्वे आणि शाळेच्या घाईची सकाळ यांवर भर दिला.

पुढे ओट्सचा बाजार वाढला. या क्षेत्रात क्वेकरसारखे परदेशी स्पर्धक उतरलेच, शिवाय मुंबईच्या मॅरिको कंपनीने सफोला या नावाने मसाला ओट्स आणले. गरम, तिखट आणि चमच्याने खाण्याजोगा हा पदार्थ, म्हणजे केलॉगला सुरुवातीला जे सुचले नव्हते नेमके तेच. तळोजाबरोबरच आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथेही केलॉगने कारखाना उभारला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मूळ कंपनीचे विभाजन झाले. उत्तर अमेरिकेतील तृणधान्यांचा व्यवसाय डब्ल्यू. के. केलॉग कंपनीकडे गेला, तर भारतासह इतर देशांतील व्यवसाय केलानोव्हा कंपनीकडे आला. केलानोव्हा सुमारे ३६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या मार्स कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केला.