पुडी सुटल्यापासून ६९ तास

वारीत दरवर्षी माणसं कोसळतात. ऊन, जुलाब, थकवा, हृदयविकार ही कारणं सगळ्यांच्या तोंडी असतात. आणखी एक कारण असतं, त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि वेळेत ओळखलं तर साध्या इंजेक्शनने जीव वाचतो. खालच्या घटनाक्रमातली बाई कुणी एक नाही; अशा रुग्णांत जे दिसतं त्यावरून ती उभी केली आहे. साठीची, मराठवाड्यातली, गुडघ्यांसाठी दोन वर्षं रोज पुडी घेणारी.

६९ तास आधी. आळंदी, सकाळचे आठ.
शेवटची पुडी पाण्यासोबत गेली. पुढच्या आणल्या नाहीत. पांडुरंगाच्या वाटेवर औषध कशाला, असं तिने ठरवलं. पुडीवर नाव नाही, मात्रा नाही. दुखणं झटपट पळवणाऱ्या अशा पुड्यांमध्ये अनेकदा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन निघतं, म्हणजे स्टेरॉइड. घेणाऱ्याला काय देतोय हे न सांगणं हा माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोठा अपराध आहे.

४७ तास आधी. पहाटे सहा, पालखी पुण्याकडे निघाली.
निरोगी माणसाच्या शरीरात हीच वेळ कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या भरतीची. मेंदूच्या तळाशी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातल्या काही पेशींचं काम एकच: एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडायचं आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसॉल करवून घ्यायचं.

ही पेशी आपल्या मनाने काही सोडत नाही. वरून, अधश्चेतक या मेंदूच्या भागातून, सीआरएच नावाचा निरोप येतो. (वाइली व्हेल यांच्या गटाने १९८१ साली मेंढ्यांच्या मेंदूतून तो वेगळा काढून त्याची रचना सांगितली.) तो पेशीच्या आत शिरत नाही, पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतो. तेवढ्याने आतल्या बाजूला एक विकर जागं होतं आणि सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तयार करू लागतं. निरोप आत नेणारा दुसरा दूत तो हाच. तो शोधल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. सायक्लिक एएमपी पुढे आणखी एका विकराला कामाला लावतं, पेशीपटलावरच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम वाढलं की एसीटीएचने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला भिडून फुटतात आणि माल रक्तात जातो.

या सगळ्याला लगामही आहे. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच पीयूषिकेपर्यंत परत येतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि एसीटीएचचा कच्चा माल बनवणाऱ्या जनुकाला गप्प करतं. आपल्या बाईच्या शरीरात हा लगाम दोन वर्षं ताणलेला आहे, कारण पुडीतलं स्टेरॉइड पेशीला कॉर्टिसॉलच वाटतं. निरोप पाठवणारं अधश्चेतकही थंडावलेलं. पिशव्या जवळपास रिकाम्या, आणि खाली एसीटीएचविना अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या.

तरी आज ती चालते आहे. कालच्या पुडीचा अंमल अजून थोडा उरला आहे.

३५ तास आधी. संध्याकाळी सहा.
दिघी, संगमवाडी, फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता. पालखी भवानी पेठेत विठोबाच्या मुक्कामी पोचते. तिचं अंग मोडून आलं आहे. दिंडीतल्या बाया म्हणतात, पहिल्या दिवसाची चाल आहे, होतंच. स्टेरॉइडचा अंमल आता जवळपास संपला आहे.

२० तास आधी. मुक्कामाचा दिवस, सकाळी नऊ.
मळमळ, अन्नावर वासना नाही. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी.

९ तास आधी. रात्री आठ.
उलट्या आणि जुलाब सुरू. शेजारच्या तिघींनाही तेच, पण त्या मीठ-साखरेचं पाणी पिऊन पहाटेपर्यंत सावरतील. आजारपणात निरोगी शरीर कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी वाढवतं. सीआरएचच्या जोडीला व्हासोप्रेसिन येतं. ते वेगळ्या रिसेप्टरमधून पेशीतलं साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतं, आणि दोघांचा मिळून परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो. तिच्याकडेही व्हासोप्रेसिन येतंय. पण दार वाजतंय आणि घरात माल नाही.

३ तास आधी. रात्रीचे दोन.
कॉर्टिसॉल नसेल तर रक्तवाहिन्या अॅड्रेनालिनलाही नीट दाद देत नाहीत, सैल पडतात. यकृताकडून साखर पुरेशी येत नाही. ती बरळते आहे, घामाने चिंब. सोबतीण तिला झोपू देते, कारण पहाटे दिवेघाटाची वाट आहे.

शून्य. पहाटे पाच.
दिंडी सासवडकडे निघायला उभी राहते. ती उठत नाही.

रुग्णालयात वरचा रक्तदाब ८० च्या खाली. सलाइनच्या बाटल्या जातात, दाब तात्पुरता वर येऊन पुन्हा घसरतो. रक्तात सोडियम कमी, साखर कमी. एकट्या जुलाबांनी एवढं होत नाही. १९५२ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अशाच एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद झाली: सांधेदुखीसाठी कॉर्टिसोन घेणारा तरुण, शस्त्रक्रियेनंतर काही तासांत न आवरणारा धक्का, आणि शवविच्छेदनात सुकलेल्या अधिवृक्क ग्रंथी. ज्या औषधाच्या शोधाला दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालं होतं, तेच ते औषध.

ड्यूटीवरची डॉक्टर सोबतिणीकडे वळते. "माउली, यांना घरी कुठली गोळी चालू होती का?"

"गोळी न्हाई ओ बाई. गुडघ्याची पुडी घ्यायची रोज. आळंदीपासून सोडली."

हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, शिरेतून, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता. सोबत सलाइन आणि ग्लुकोज. पुढच्या चोवीस तासांत मिळून आणखी २०० मिलिग्रॅम. दुपारपर्यंत ती नाव सांगते, पाणी मागते, पालखी कुठवर गेली ते विचारते.

पीयूषिकेतल्या त्या पेशी अजून गप्पच आहेत. त्यांना जागं व्हायला काही महिने लागतील, कधी वर्षही; आधी एसीटीएच परतेल, त्यामागून आक्रसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. तोवर रोज ठरलेल्या मात्रेत गोळी, ताप आला किंवा उलट्या झाल्या तर वाढीव मात्रा, उलटीत गोळी टिकली नाही तर लगेच इंजेक्शन. डॉक्टर हे मराठीत, मोठ्या अक्षरांत एका कार्डावर लिहिते, आणि वर "स्टेरॉइड अचानक बंद करू नये" असं लाल शाईने. कार्ड तिच्या गळ्यातल्या पिशवीत जातं, आणि फोनवर मुलाला तेच पुन्हा एकदा वाचून दाखवलं जातं.