रान कोणी राखावे?

निलंग्यास रानाविषयी बोलावे हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. लातूर जिल्ह्यात शेकडा एक भागही जंगल नाही. तरीही हा विषय आपला आहे, असे आमचे म्हणणे आहे. १९५६ पर्यंत निलंगा बिदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात; दोहोंवर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. आपले माळ आणि किनवटचे सागवान एकाच सरकारच्या दप्तरात नोंदलेले होते.

इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने रानाचे वर्ग पाडले. राखीव जंगलात जे करण्यास परवानगी नाही ते सर्व गुन्हा. संरक्षित जंगलात जे करण्यास मनाई नाही ते सर्व मोकळे. एवढ्या शब्दांच्या फरकाने गवताचा भारा आणणारी बाई गुन्हेगार ठरू लागली. निजामाच्या राज्यातही जंगले राखीव झाली ती याच वळणाने. रेल्वेस स्लीपर हवे होते, खजिन्यास पैसा हवा होता. त्या काळी रान राखले ते वाघासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पैनगंगा ही तेव्हा दोन राज्यांची सीमा. उत्तरेस वऱ्हाडात, पुसद येथे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह केला. दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात, जोडेघाट येथे १९४० मध्ये गोंडांचा पुढारी कुमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात पडला. पुढे निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांची स्थिती पाहावयास पाठविले, आणि मग काहींना जमिनीचे पट्टे मिळाले. आधी गोळी, मग चौकशी, शेवटी पट्टा, हा क्रम कामगारांच्या चळवळीतही आमच्या ओळखीचा आहे. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्याने शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडविले, तोही रानावरील हक्काचाच झगडा होता.

स्वराज्यात दृष्टी बदलली. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. ज्या पैनगंगेने दोन राज्ये वेगळी केली, तिच्याच दोन्ही तीरांवर आज एक अभयारण्य आहे. हे चांगले झाले. वाघास संप करता येत नाही की मोर्चा काढता येत नाही. त्याचा कैवार कायद्यानेच घेतला पाहिजे.

परंतु कायद्याची रेघ कशी ओढली जाते? शेजारचे उदाहरण घ्या. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी ८४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि शेतकऱ्यास त्या पक्ष्याचे नाव नकोसे झाले. तीन दशकांनंतर क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरांवर आले. मधल्या काळात माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि पक्षी दिसेनासा होत गेला. कागदावर अभयारण्य अवाढव्य, माळावर पक्षी नाही!

आता दुसरे उदाहरण. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस अधिकार दिले. तिच्या लेखी संमतीवाचून वन्यजीवांसाठीही गाव हलविता येत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. ज्याच्या हाती परवाना, त्याच्याच शिरावर राखण. हा व्यवहार कोणत्याही मजुरास समजतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. गिरणी पहारेकऱ्याच्या काठीवर चालत नाही, ती कामगारांच्या हातांनी चालते. रानाचेही तसेच आहे. आपल्या तालुक्यात जे थोडे माळ, गायरान उरले आहे, त्यावर काळवीट राहावे असे वाटत असेल, तर पहिली बैठक तेथे गुरे चारणाऱ्यांची बोलवावी. सीमेचे दगड मागाहून रोवता येतील.