बातमीत न मावलेलं

तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन कॉलमच्या इंचावर ठरायचं. मी शहापूर तालुक्यातल्या सापगावचा. आमची कॉपी पाकिटात घालायची, कोपऱ्यात ‘प्रेस मॅटर’ लिहायचं आणि आसनगाव स्टेशनवर मुंबईला निघालेल्या ओळखीच्या नोकरदाराच्या हाती द्यायची. दोन पानं जायची, आठ ओळी छापून यायच्या. उरलेल्याचंही काही करता येतं, हे मला अरुण साधू वाचून समजलं.

साधू परतवाड्याचे, जन्म 1941. सुरुवात ‘केसरी’त, मग ‘इंडियन एक्सप्रेस’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘स्टेट्समन’. पुढे ‘फ्री प्रेस जर्नल’चं संपादकपद. बातमी लिहायची इंग्रजीत आणि कादंबरी मराठीत, असा त्यांचा संसार. 1972 साली ‘मुंबई दिनांक’ आली, 1977 साली ‘सिंहासन’. त्याआधी 1965 मध्ये भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ आली होती. तेही वृत्तपत्रातलेच, पण साधूंसारखे मंत्रालयाच्या वाटेला गेले नाहीत.

साधूंच्या कादंबरीतला पत्रकार दिगू टिपणीस सगळं जाणून असतो. त्यातलं छापता येतं थोडंच. 1979 साली जब्बार पटेलांनी दोन्ही कादंबऱ्यांवर ‘सिंहासन’ काढला. तेंडुलकरांची पटकथा, दिगूच्या भूमिकेत निळू फुले. सिनेमामुळे ‘सिंहासन’चं नाव मोठं झालं. माझ्या मते मात्र ‘मुंबई दिनांक’ सरस. तिथे शहरच श्वास घेतं.

त्या शहराच्या नळाला पाणी आमचं, तानसा-वैतरणा-भातसाचं. भातसाच्या धरणग्रस्तांसाठी एक मंत्री आले होते. विश्रामगृहात चहा-बिस्किटं झाली, टाइप केलेलं पत्रक हाती पडलं. बाहेर फाटकाशी एक म्हातारी प्लॅस्टिकच्या पिशवीत जमिनीचे कागद घेऊन उभी. पिशवीला दोन गाठी. मंत्र्यांची गाडी निघाली तेव्हा ती पहिलीच गाठ सोडत होती. बातमी छापून आली, ‘धरणग्रस्तांना आश्वासन’. म्हातारी कॉपीत होती, अंकात नव्हती. डेस्कवरच्या उपसंपादकाचंही काय चुकलं? जागा तेवढीच.

साधूंनी अशी माणसं फेकून दिली नाहीत. लोकलमधली बूटपॉलिशवाली पोरं त्यांच्या ‘झिपऱ्या’त आली. प्रत्येक बातमीदाराच्या वहीत अशी पोरं असतात, पण वही रद्दीत जाते. नुसती वही जपल्यानं कादंबरी होत नाही, हेही खरं. त्याला साधूंसारखी रोजच्या ड्यूटीनंतरची बैठक लागते, आणि सत्ता कशी चालते याची समज.

पुढे ते पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुख झाले, 2007 साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2017 मध्ये गेले.

आता शहापूर-मुरबाडची तरुण पोरं मोबाइलवरून बातमी धाडतात. पाकीट नाही, आसनगाव नाही. त्यांना एकच सांगणं: पाठवून झाली की कॉपी डिलीट करू नका, आणि ‘मुंबई दिनांक’ एकदा वाचा.